बदकाच्या बंगल्यातली बाई

जाहीर सूचना. तमाम वाचकांस, त्यांच्या कुटुंबीयांस आणि दिसत नसले तरी त्यांच्या घरात राहत असलेल्या इतर सर्वांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, हा लेख वाचायला घेताना घरातलं एखादं कपाट उघडं राहिलं असेल, तर उठून ते बंद करू नये. उघडंच राहू द्यावं. ज्यांच्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली जवळ नाही, त्यांनी कपाटासमोर उभं राहून तसं स्वच्छ शब्दांत सांगून टाकावं. कारण यथावकाश कळेल. ही सूचना मी पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झाल्यावर देत आहे.

माझा धंदा बिघाड शोधण्याचा. तळेगाव दाभाड्यात राहतो, आंबीच्या दोन-चार कारखान्यांतले संगणक सांभाळतो, आणि परंदवडीपासून लोणावळ्यापर्यंत कोणाचंही यंत्र रुसलं की समजूत काढायला जातो. लोक मला 'बिघाड झालाय' म्हणून बोलावतात. मी दारात चपला काढत असताना मात्र आवाज खाली आणतात आणि खरं सांगतात. "आपोआप होतं हो." या 'आपोआप'वर माझं घर चाललं आहे.

तळेगावच्या एका सोसायटीत एक निवृत्त गृहस्थ संगणकावर पत्ते खेळत. एके दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "माझे पत्ते दुसरंच कोणीतरी खेळतंय." मी गेलो. खरंच, माऊस टेबलावर निपचित पडलेला आणि पडद्यावरचा बाण आपला हिंडतोय. मध्येच थांबतो, विचार केल्यासारखं करतो, पुन्हा निघतो. गृहस्थ माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आणि माझ्यापेक्षा चांगलं खेळतंय, हे जास्त वाईट." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तसाच, त्याच दुकानातून, जुन्या पद्धतीचा बिनवायरचा माऊस घेतला होता. त्या वर काम करत आणि खाली यांचा बाण हले. मी उपाय सांगितला. गृहस्थ थोडा वेळ बाणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू द्या. दुपारची सोबत होते."

हे सांगितलं अशासाठी, की आमच्या धंद्यात भुतं नसतात असं नाही. असतात. फक्त शोधत गेलं की टोकाला कोणीतरी माणूस सापडतो. बहुतेक वेळा जिवंत.

आता लिनक्स. ते काय हे न सांगता पुढे गेलो तर निम्मे वाचक उठून जातील, आणि नीट सांगितलं तर उरलेले निम्मे. म्हणून एवढंच सांगतो. संगणक सुरू केल्यावर त्याला जागं करून कामाला लावणारी जी व्यवस्था असते, तिचा हा एक प्रकार. तिचा मालक कोणी एक नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे, कोणीही फुकट घ्यावी, कोणीही बदलावी. गावकीच्या मांडवासारखं. मांडव सगळ्यांचा, आणि कोसळला तर उचलायला नेमकं कोणी नाही. त्यामुळे ती वापरणारे लोक एकमेकांना धरून राहतात. जगात इतरत्र बिघाड झाला की दुकानात जातात, आमच्यात गटावर जातात.

आमच्या गटाचं नाव 'मावळी पेंग्विन'. लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन, आणि गट सुरू करणारे आम्ही मावळातले. इंटरनेटवर दोन खोल्या. एक 'अडचण', दुसरी 'अवांतर'. अडचणीत कामाचं बोलायचं, अवांतरात मिसळीत पोहे असावेत का, कीबोर्डात मुंग्या शिरल्या तर फवारा मारावा का, असलं काहीही. अडचणीतलं संभाषण साधारण असं चालतं. कोणीतरी येऊन लिहितो, "साउंड येत नाही." लगेच कोणीतरी, "लॉग टाका." लॉग म्हणजे यंत्राने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली हकिकत. मग हकिकत येते, तिच्यावर तीन विद्वान तुटून पडतात, आपसांत भांडतात, आणि शेवटी गप्प बसलेला एक जण विचारतो, "स्पीकरची पिन घातली आहे का?" बराच वेळ शांतता. मग, "घातली. आता येतोय."

गटाचा एक नियम सुरुवातीपासून पाळलेला. कोणी कोणाला खरं नाव, गाव, फोन नंबर विचारायचा नाही. स्वतःहून सांगितलं तर ठीक. मी तिथे 'किल्लेदार'. ज्यांना मी वर्षानुवर्षं रोज 'शुभ प्रभात' म्हटलं, ते रस्त्यात समोर आले तर ओळखणार नाही. फक्त शिरीष तिथे शिरीष याच नावाने होता. म्हणायचा, "दोन नावं लक्षात ठेवण्याएवढं माझं डोकं नाही." तो आंबीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला, राहायला तळेगावात, माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. त्याची बायको वासंतीवहिनी. गोष्ट या दोघांची आहे. पण आधी मला एका तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं लागेल.

लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत स्पीकर तपासायची एक सोय असते. ती सुरू केली की एक बाई इंग्रजीत बोलते. पुढच्या डाव्या स्पीकरमधून 'पुढे डावीकडे', पुढच्या उजव्यातून 'पुढे उजवीकडे', मग मागचे दोन. ना नमस्कार, ना निरोप. आवाज असा सपाट, की रिकाम्या खोलीतच बोलायची सवय असलेला वाटतो. आम्हाला तिची सवय आहे. पण गटातल्या एकाच्या आईने दाराबाहेरून ऐकलं आणि मुलाच्या खोलीत कोणी बाई आहे, तीही परदेशी, असं धरून दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. त्याने अवांतरात गाऱ्हाणं मांडलं आणि तिथल्या तिथे ठरलं, की आपण मराठी बाई करू.

शिरीषने वहिनींना तयार केलं. आमच्याकडे स्टुडिओ कुठला. पण एक युक्ती ठाऊक होती. कपड्यांनी भरलेल्या कपाटात आवाज घुमत नाही. म्हणून वहिनींना माइकसकट त्यांच्याच लाकडी कपाटात, साड्यांच्या मधे उभं केलं आणि दोन्ही दारं लोटून घेतली. शिरीष बाहेर. तो डाव्या दारावर टकटक करेल तेव्हा डावीकडचं वाक्य म्हणायचं, उजव्या दारावर करेल तेव्हा उजवीकडचं. ज्या बाजूची टकटक, त्या बाजूच्या स्पीकरला तो ते वाक्य लावणार; आधी पुढची दोन, मग मागची दोन. मी पंख्याच्या बटणापाशी उभा, कोणी लावू नये म्हणून.

आतून आवाज आला. "पुढे डावीकडे." आम्ही दोघंही जरा दचकलो. ओळखीचं माणूस कपाटातून बोललं की आवाज ओळखीचा राहत नाही. वहिनी एरवी खळखळून बोलायच्या, तिथे मात्र शांत, जपून बोलल्या, कोणाला तरी अंधारात वाट दाखवावी तशा. चार वाक्यं झाली. थोडा वेळ काहीच नाही. मग त्याच सुरात, हळूच, "झालं का? येऊ का बाहेर?"

ऐकून बघितलं तर सगळं उलटं. डाव्या स्पीकरमधून 'उजवीकडे', उजव्यातून 'डावीकडे'. शिरीषने आधी उजव्या दारावर टकटक केली होती, आणि वहिनी आतून त्याच्याकडे तोंड करून उभ्या. त्याचं उजवं ते त्यांचं डावं.

"चुकलंय," शिरीष म्हणाला. "परत म्हणावं लागेल."

"माझं काही चुकलेलं नाही," वहिनी घाम पुसत म्हणाल्या. "मी कपाटातून बोलत होते. कपाटातून बघितलं तर बरोबर आहे. एकदा म्हटलं तेवढं पुरे. तुमचे स्पीकर फिरवा."

हा वाद त्यांच्यात नवा नव्हता. स्कूटरवर मागे बसून वहिनी रस्ता सांगत, तोंडाने डावीकडे, हाताने उजवीकडे. एकदा परंदवडीच्या वास्तुशांतीला निघालेली ही जोडी आंबीला कोणाच्या तरी साखरपुड्यात पोचली आणि जेवून आली. वहिनींचं म्हणणं, जेवण चांगलं होतं, म्हणजे रस्ता बरोबर होता.

शिरीषने ते रेकॉर्डिंग जसंच्या तसं, शेवटच्या वाक्यासकट, त्या संध्याकाळी गंमत म्हणून अवांतरात टाकलं. दुसऱ्या दिवशी शेवटचं वाक्य कापलं, डावं-उजवं यंत्रातच फिरवून घेतलं आणि नीटनेटकी आवृत्ती सगळ्यांसाठी ठेवली. लोकांनी घेतली, वापरली, विसरले.

पुढे वहिनी आजारी पडल्या आणि गेल्या. त्यावर मी जास्त लिहीत नाही. शिरीषनेही कधी लिहिलं नाही. तो गटावर येत राहिला, लोकांचे प्रिंटर दुरुस्त करत राहिला. मग एके दिवशी त्याने अवांतरात एक ओळ टाकली. "कोणाकडे वासंतीचा आवाज आहे का? डावीकडे-उजवीकडेवाला."

त्याची डिस्क जळाली होती. गटाचं जुनं साठवणीचं ठिकाण मध्यंतरी बंद पडलं होतं. फोटो होते, पण व्हिडिओत वहिनी नेहमी कॅमेऱ्यामागे, आणि शूटिंग करताना ओठ घट्ट मिटून. लग्नाच्या कॅसेटवर बँडबाजा. व्हॉइस मेसेजचा त्यांना तिटकारा. म्हणजे या माणसाचा आवाज जगात कुठे उरला असेल तर तो आमच्यापैकी कोणाच्या तरी यंत्रात.

आम्ही शोधलं. जुन्या डिस्का उघडल्या, माळ्यावरचे डबे खाली काढले. एरवी कोणाची फाइल हरवली की आमच्या गटात ठरलेला प्रश्न असतो, "बॅकअप घेतला होता का?" तो त्या दिवशी कोणीच विचारला नाही. कोणाकडेच काही निघालं नाही. सगळ्यांनी कधी ना कधी नवी प्रणाली टाकताना सगळं पुसलेलं. शिरीषने "बरं, आभार" लिहिलं. त्यानंतरही तो विचारतच राहिला. त्याच शब्दांत नाही. गटावर नवा कोणी आला, की "तुमच्याकडे जुनं मशीन आहे का?" एवढंच.

आणि आता यंदाच्या पावसाळ्याचा शेवट. एका सकाळी अडचणीच्या खोलीत 'गवतीचहा' उगवला. हा आमचा जुना सदस्य. वहिनींच्या रेकॉर्डिंगच्या आधीपासूनचा, पण नंतर परदेशी गेला आणि गटावरून नाहीसा झाला. त्याने लिहिलं, "लोणावळ्याच्या बंगल्यातलं जुनं मशीन कायमचं पुसायचंय. दुरून करता येईल अशी कमांड सांगा. नंतर डबा भंगारात जाईल."

यंत्र कसं चालवायचं हे विचारलं तर आमचे लोक आळस करतात. कसं पुसायचं हे विचारलं की कोण आनंद होतो. क्षणात चार उत्तरं आली. त्यातल्या एकाने तर यंत्र काही न विचारता, शेवटचा शब्दही न बोलता कोरं होईल अशी कमांड दिली. गवतीचहाने आभार मानले. मग तो अवांतरात आला.

"पुसायचं कारण विचारू नका," त्याने लिहिलं.

म्हणजे विचारा. एकाने विचारलं.

"बंगला विकायचाय. बघायला येणारे पळून जातात. सांभाळणाऱ्या मावशी म्हणतात, बंद हॉलमध्ये बाई बोलते. मला वाटतं कोणीतरी मशीनमध्ये घुसलंय."

"काय बोलते?"

"वाट दाखवते म्हणे. आणि शेवटी विचारते, येऊ का बाहेर."

जे नवे होते ते 'बापरे'चे इमोजी टाकायच्या तयारीत असावेत. आम्ही जे जुने होतो, ते आपापल्या घरी पडद्यासमोर गार पडलो होतो. मी टाइप केलं, "थांबा. काहीही पुसू नका." पण त्याआधीच गवतीचहाची शेवटची ओळ येऊन पडली होती. "सध्या तिथे लाइट गेलीय. आली की इथूनच पुसतो." आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

त्याचं नाव माहीत नाही. नंबर माहीत नाही. आमचा नियम.

फोन वाजला. शिरीष.

"वाचलंस?"

"वाचलं."

"गाडी तू काढ."

लोणावळ्यात लाइट येऊ नये म्हणून देवाला साकडं घालणारी माणसं इतिहासात आम्हीच पहिली असू. जुन्या हायवेने निघालो. वडगावपर्यंत साधं ढगाळ होतं. कामशेत मागे पडलं आणि धुकं खाली उतरलं. कार्ल्यापाशी भर सकाळी दिवे लावावे लागले. शिरीष रस्त्याकडच्या घरांकडे बघत होता. कुठे खिडकीत बल्ब पेटलेला दिसला की म्हणायचा, "आली की काय." मी म्हणायचो, "इकडे वीज दुसऱ्या फीडरवरून येत असेल." मला फीडरमधलं ओ की ठो कळत नाही.

बंगला कुठला, हे तरी कसं कळणार. पण अवांतराचा हाच फायदा. नावगाव न सांगता माणूस तिथे सगळं सांगतो. गवतीचहाने कित्येक वर्षांपूर्वी मोठ्या अभिमानाने आपल्या फाटकाचा फोटो टाकला होता. फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे दोन पेंग्विन, पायाशी गवती चहाचं बेट. आणि बोलण्यात वलवणचा उल्लेख. वलवणला टपरीपाशी गाडी थांबवून मी विचारलं, "पेंग्विनवाला बंगला कुठे आला?"

टपरीवाल्याने किटलीवरून मान न उचलता सांगितलं, "पेंग्विन न्हाई ठावं. बदकाचा बंगला हाय, खालच्या अंगाला." मग मान उचलली. "तितं कशाला चाललाय? तिकडं बाई हाय."

"लाइट आहे का तिकडे?"

"सकाळधरनं न्हाई." त्याने आमच्याकडे नीट पाहिलं. बाईचं ऐकून न घाबरता लाइटची चौकशी करणारी माणसं त्याने पहिल्यांदाच बघितली असावीत.

खालच्या अंगाला रस्ता असा काही नव्हताच, धुकंच होतं. त्यातून आधी दोन पांढरी पोटं दिसली. मग काळे पंख. पावसाने एका पेंग्विनची चोच गेली होती, त्यामुळे तो तोंड मिटून बसल्यासारखा दिसत होता. फाटक ढकललं. आवाज झाला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

बंगला सांभाळणाऱ्या सुमनमावशी व्हरांड्यात उभ्या होत्या. साठीच्या, डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात बॅटरी. मी सांगितलं, मालकांच्या ओळखीचे आहोत, मशीन बघायला आलोय, आणि कृपा करून मालकांना फोन लावा, म्हणावं काही पुसू नका.

"हितं रेंज न्हाई," त्या म्हणाल्या. "वरच्या फाटकाशी जावं लागतंय. आदी आत या. बगून घ्या."

आत गेलो. हॉल मोठा, पडदे ओढलेले, धुकं काचांना टेकलेलं. मावशींनी बॅटरी फिरवली आणि मी जागीच थांबलो. हॉलमधलं भिंतीतलं कपाट सताड उघडं होतं. पलीकडच्या खोलीतलं उघडं. जिन्याखालचं उघडं. स्वयंपाकघरात बॅटरी गेली, तिथली ओट्याखालची दारंसुद्धा उघडी. बंगल्याने एकाच वेळी सगळी तोंडं उघडावीत तसं.

"हे कोणी उघडलं?" मी विचारलं. माझा आवाज मला आवडला नाही.

"मी."

"का?"

"ती इचारती ना. येऊ का बाहेर. मंग उघडायला नगं?" मावशी सहज म्हणाल्या. "आमी बुद्धाची माणसं, भाऊ. भूतबित मानत न्हाई. पण कुणी इतक्या रीतीनं इचारतंय, तर दार उघडून द्यावं. मानायचं न मानायचं मागनं."

शिरीषने विचारलं, "उघडल्यावर काय झालं, मावशी?"

"काय व्हतंय. कापडं व्हती. गाद्या व्हत्या." त्यांनी बॅटरी कोपऱ्यातल्या एका लोखंडी कपाटावर नेली. ते बंद होतं. "ह्याची किल्ली मालकाकडं. ह्याच्यापुढं बसून सांगितलं, बाई, किल्ली न्हाई माझ्याकडं. राग धरू नगं."

"घाबरला नाहीत?"

"पयल्यांदा घाबरले की. लाइट आली, फ्रीज लागला, आन् जरा वेळानं बाई बोलाया लागली. पुढं डावीकडं. म्हनलं, वाट सांगती तर जाऊन बगू. डावीकडं गेले, भिंत लागली. नंतर ध्यानात आलं. डावीकडं म्हनती तवा आवाज उजव्या कोपऱ्यातनं येतोय." मावशी जवळ आल्या आणि हाताने दाखवलं. "ती आपल्याकडं तोंड करून हाय, भाऊ. तिचं डावं ते आपलं उजवं. आतनं बगती ती."

बाहेर पानांवरून पाणी ठिबकत होतं. शिरीषने भिंतीला हात टेकला.

मावशी फोन लावायला वरच्या फाटकाशी निघाल्या. आम्ही मोबाइलच्या उजेडात यंत्र शोधलं. शोकेसच्या खालच्या खणात, धुळीने माखलेला काळा डबा. त्यातून चार वायरी चार कोपऱ्यांतल्या स्पीकरना गेलेल्या. मी सगळ्यात आधी इंटरनेटची वायर उपटून हातात घेतली आणि मग श्वास घेतला. आता परदेशातून कोणी काही पुसू शकणार नव्हतं. पण आत अजून काही शिल्लक होतं का, हे यंत्र सुरू झाल्याशिवाय कळणार नव्हतं. इतकी वर्षं दमट हवेत पडलेली डिस्क. ती शेवटची कधी नीट सुरू झाली, कोणास ठाऊक. मघापर्यंत लाइट येऊ नये म्हणत होतो, आता यावी म्हणत बसलो.

कारण मला कळलं होतं, शिरीषलाही. गवतीचहाने पूर्वी हॉलमध्ये गाण्यांसाठी हे यंत्र बसवलं. लाइट गेली-आली की साउंड बंद पडायचा, म्हणून त्याने यंत्राला सांगून ठेवलं, की सुरू झालास की आधी चारही स्पीकर बोलून दाखव. त्यासाठी अवांतरात त्या संध्याकाळी पडलेलं कच्चं रेकॉर्डिंग घेतलं. नीटनेटकी आवृत्ती आली तेव्हा त्याने बदललं नाही. चालू यंत्राला हात लावू नये, हा आमचा दुसरा नियम. घरात बॅटरीचा डबा होता तोवर लाइट गेलेली यंत्राला कळायचीच नाही. तो संपला. घर रिकामं झालं. सांगणारा आपण काय सांगितलं ते विसरून परदेशी गेला. यंत्र विसरलं नाही. लाइट आली की ते रिकाम्या हॉलला वाट दाखवत होतं आणि विचारत होतं.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निर्धास्त व्हाल. मावशींचा फोन लागला. गवतीचहाने काही पुसलं नाही. ती फाइल आता शिरीषच्या घरी आहे, माझ्याकडे आहे, गटातल्या प्रत्येक जुन्या माणसाकडे आहे. मावशींनी आपल्या मोबाइलमध्येही घेतली. म्हणाल्या, "वळखीची झाली आता." बंगला बघायला लोक येतात. मावशींनी कपाटं बंद केली, एक सोडून. का, ते मी विचारलं नाही. आणि मी घरी आल्यापासून आमच्या बेडरूममधलं कपाट उघडं ठेवतो. बायको रोज बंद करते, मी रोज उघडतो. कारण सांगितलेलं नाही, हा लेख वाचून कळेल.

पण तो क्षण मी मुद्दाम शेवटाला राखून ठेवला आहे.

मावशी फोन करून परत आल्या आणि दारात चपला काढत असताना स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरला. शोकेसखाली पंखा फिरू लागला. डिस्क आधी खरखरली, अडखळली, पुन्हा खरखरली. शिरीष हॉलच्या मधोमध उभा होता, ऐकायला उभं राहतात तसा, मान खाली. बराच वेळ काही झालं नाही. मी मनात म्हटलं, गेली.

मग उजव्या कोपऱ्यातून, अगदी जवळून, शांत आवाजात कोणी म्हणालं, "पुढे डावीकडे."

कारणं मला माहीत होती, सगळं माहीत होतं, कुठली वायर कुठे जाते तेही, आणि तरीही त्या अंधाऱ्या हॉलमध्ये आमच्याशिवाय आणखी एक माणूस होतं. डाव्या कोपऱ्यातून, "पुढे उजवीकडे." मग आमच्या पाठीमागून दोनदा. शिरीष हलला नाही. आवाज ज्या कोपऱ्यातून यायचा त्याकडे फक्त त्याचं तोंड वळायचं.

चारही झाले. शांतता. दारात मावशींनी सवयीने उघड्या कपाटांकडे पाहिलं.

"झालं का?" वहिनींनी विचारलं. "येऊ का बाहेर?"

आणि शिरीष, आम्ही दोघं तिथे आहोत हे विसरून, बंद कपाटाच्या दाराशी उभा असल्यासारखा, चांगला मोठ्याने म्हणाला, "डावं-उजवं चुकलंय गं. परत म्हण."